‘खरं होतं तर दहा वर्षं गप्प का बसली?’

गॅदरिंगमध्ये मिमिक्री करणारा पोरगा असला की त्याच्या पोतडीत नाना पाटेकर असतोच. मान तिरकी, बोट हवेत, आवाज चढलेला. गडहिंग्लजच असं नाही, चंदगडपासून निपाणीपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या स्टेजवर पहिल्या शब्दालाच शिट्ट्या पडतात. ‘क्रांतिवीर’ आला 1994 मध्ये. शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा जन्मलेला नव्हता. तरी नाना आपला. आपल्या भाषेत सांगायचं तर, विषय हार्ड.

म्हणूनच सप्टेंबर 2018 मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्ता हिनं पाटेकर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा ती बातमी आपल्याकडे बातमी म्हणून आलीच नाही. घरातल्या माणसावर कुणीतरी बोट दाखवावं तशी आली. आमची बॅच तेव्हा शाळेत होती, पण मोठ्यांच्या गप्पा कानावर पडायच्याच. आजही कट्ट्यावर हा विषय काढून बघा, तीन वाक्यं हमखास येतात. ‘नाना तसला माणूस नाही.’ ‘पब्लिसिटी पाहिजे असणार तिला.’ आणि सगळ्यात खात्रीनं बोललं जाणारं तिसरं, ‘खरं होतं तर दहा वर्षं गप्प का बसली?’

पाटेकर दोषी आहेत की नाहीत, हे ठरवायला हा लेख लिहिलेला नाही. त्यांनी आरोप पहिल्या दिवसापासून नाकारला आहे आणि कुठल्याही कोर्टानं त्यांना दोषी ठरवलेलं नाही. प्रश्न आपला आहे, म्हणजे बघणाऱ्यांचा. वरच्या तीन वाक्यांपैकी पहिली दोन नुसती मतं आहेत, त्यांना काही करता येत नाही. तिसरं मात्र तपासता येतं. आणि तपासलं की ते टिकत नाही.

ती गप्प बसलीच नव्हती.

मार्च 2008. ‘हॉर्न ओके प्लीज’ या हिंदी सिनेमातल्या एका गाण्याचं मुंबईत शूटिंग सुरू होतं. आरोप त्याच सेटवरचा. तनुश्री शूटिंग सोडून निघाली, तेव्हा स्टुडिओबाहेर जमावानं तिची गाडी अडवून मोडतोड केली. ती आत बसलेली असतानाच. त्याचं चित्रीकरण झालं, टीव्हीवर दिसलं, पेपरात आलं. दोन्ही बाजूंनी तेव्हाच मीडियासमोर आपापलं म्हणणं मांडलं. तिनं कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे तक्रारही केली. हे सगळं 2008 मध्येच, महिन्या-दोन महिन्यांत. पुढच्या वर्षी सिनेमा आला आणि गेला. गाण्यात तिच्या जागी राखी सावंत होती.

मग 2018 मध्ये काय झालं? तर अमेरिकेतून परत आलेल्या तनुश्रीनं एका मुलाखतीत तीच गोष्ट पुन्हा सांगितली. हॉलिवूडच्या हार्वी वाइनस्टीनचं प्रकरण ऑक्टोबर 2017 मध्ये बाहेर आलं होतं, जगभर ‘मी टू’ची लाट होती, म्हणून या वेळी लोकांनी ऐकलं. आपण ‘उशिरा बोलली’ म्हणतो, तेव्हा खरं तर ‘आम्ही उशिरा ऐकलं’ असं म्हणायचं असतं. फक्त कर्ता बदललेला असतो.

याला एक पुरावाही आहे आणि तो तिच्या बाजूच्या कुणी दिलेला नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सिंटा’नंच जाहीर केलं की, 2008 मध्ये त्यांच्या संयुक्त वाद निवारण समितीनं दिलेला निर्णय योग्य नव्हता, कारण लैंगिक छळाच्या मुख्य तक्रारीची त्यात दखलच घेतली गेली नव्हती. आणि आता ते प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, कारण तीन वर्षांच्या वरची तक्रार घ्यायला त्यांचे नियम परवानगी देत नाहीत. दोन्ही वाक्यं एकाच दमात. वेळेत आली तेव्हा ऐकलं नाही, ऐकायला तयार झालो तेव्हा वेळ गेली होती.

जर्सीचा रंग

गडहिंग्लजच्या माणसाला हे समजायला फुटबॉलइतकं सोपं काही नाही. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर पेनल्टी बॉक्समध्ये पोरगं पडलं की गॅलरीत काय होतं? पाय लागला का नाही हे शंभर फुटांवरून कुणालाच दिसलेलं नसतं. पण निम्मी गॅलरी ‘फाउल, फाउल’ ओरडते आणि निम्मी ‘उठ की लगा, नाटक करतोय!’ कोण काय ओरडणार, हे पोरगं पडायच्या आधीच जर्सीनं ठरलेलं असतं. मॅच आहे तोवर त्यात गंमत आहे.

2018 ची प्रतिक्रिया नेमकी तशीच होती. योगायोग बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत पाटेकरांचा मराठी सिनेमा आला होता, नाव ‘आपला मानूस’. सात महिन्यांनी महाराष्ट्रानं ते नाव शब्दशः घेतलं. ती बाहेरची, हिंदी सिनेमातली, ‘तसल्या’ गाण्यात नाचणारी. तो आपला, मुरुड-जंजिऱ्याचा, साध्या कपड्यातला, तोंडावर बोलणारा. ‘नटसम्राट’ बघून आपल्या घरातली मोठी माणसं रडली होती, त्याला दोनच वर्षं झाली होती. शिवाय ‘नाम’. 2015 मध्ये मकरंद अनासपुरे यांच्यासोबत पाटेकरांनी नाम फाउंडेशन सुरू केलं आणि मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली. ते काम खरं आहे, मोठं आहे. पण कट्ट्यावर ते पुरावा म्हणून वापरलं गेलं. शेतकऱ्याच्या विधवेला मदत करणारा माणूस असं कसं करेल?

थोडं थांबून विचार केला तर कळतं की हा पुरावा होऊच शकत नाही. आरोप खरा असेल तरी ‘नाम’चं काम खोटं होत नाही आणि ‘नाम’चं काम खरं आहे म्हणून आरोप खोटा ठरत नाही. आपण माणसाला एकाच मार्कलिस्टवर बसवतो आणि एका विषयात डिस्टिंक्शन असलं की बाकीचे विषय पास धरतो. (परीक्षा विभागानं हे आमच्या बाबतीत कधी केलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

आणि ज्यांना बाजू घ्यायची नव्हती, त्यांचं काय? त्याच सप्टेंबरमध्ये एका ट्रेलरच्या कार्यक्रमात अमिताभ बच्चन यांना याबद्दल विचारलं, तेव्हा आपलं नाव तनुश्रीही नाही आणि नाना पाटेकरही नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी विषय संपवला. लोक हसले. मला हे उत्तर बाजू घेणाऱ्यांपेक्षाही जास्त खटकतं, कारण आपल्यातले बहुतेक जण नेमकं हेच करतात.

तीन वर्षांची भिंत

पुढचं कोर्टाचं थोडक्यात. ऑक्टोबर 2018 मध्ये ओशिवरा पोलीस ठाण्यात भारतीय दंड विधानाच्या कलम 354 आणि 509 खाली गुन्हा दाखल झाला. जून 2019 मध्ये पोलिसांनी ‘बी समरी’ अहवाल दिला, म्हणजे आरोपपत्र दाखल करण्याइतका पुरावा मिळाला नाही. तनुश्रीनं त्याला हरकत घेतली. मार्च 2025 मध्ये अंधेरीच्या न्यायदंडाधिकारी कोर्टानं या तक्रारीची दखल घ्यायला नकार दिला, कारण 2008 च्या घटनेसाठी कायद्यातली तीन वर्षांची मुदत केव्हाच संपलेली होती. घटना घडली का नाही, या प्रश्नात कोर्ट शिरलंच नाही.

निकालाच्या दिवशी सोशल मीडियावर ‘क्लीन चिट’ हा शब्द फिरला आणि दुसऱ्या बाजूनं ‘सेटिंग’ हा. दोन्ही चूक. मुदत संपली याचा अर्थ मुदत संपली, एवढाच.

ही मुदत येते कुठून, हे मला लेखासाठी वाचेपर्यंत माहीत नव्हतं आणि बहुतेक तुम्हालाही नसेल. 2008 मध्ये कलम 354 ची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला तीन वर्षांच्या आतच घ्यावी लागते. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या बलात्कारानंतर 2013 मध्ये कायदा बदलला आणि याच कलमाची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला अशी मुदत नसते. म्हणजे हीच तक्रार 2013 नंतरच्या घटनेची असती, तर कलम 354 पुरती ती उशीर झाला म्हणून अडली नसती. पुरावा टिकला असता का, हा पुढचा प्रश्न, पण निदान तो विचारला तरी गेला असता. पाटेकरांच्या बाजूनं बघितलं तरी हे बरंच झालं असतं. मुदतीमुळे बंद झालेल्या केसमध्ये ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही ‘निर्दोष’ हा शब्द मिळत नाही.

दरम्यान, 2018 मध्ये ‘हाउसफुल 4’ मधून बाहेर पडलेले पाटेकर जून 2025 मध्ये ‘हाउसफुल 5’ मध्ये पडद्यावर दिसले. तनुश्रीची ओळख मात्र अजूनही ‘ती मी टूवाली’ अशीच करून दिली जाते. 2004 ची मिस इंडिया होती ती, हे किती जणांना आठवतं?

बोलणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण तमिळनाडूत आहे. गायिका चिन्मयी श्रीपाद हिनं ऑक्टोबर 2018 मध्ये नामवंत गीतकार वैरमुत्तू यांच्यावर आरोप केले. त्यांनी ते नाकारले. पुढच्याच महिन्यात डबिंग कलाकारांच्या संघटनेनं चिन्मयीचं सदस्यत्व काढून घेतलं. कारण दिलं वर्गणी थकल्याचं. वैरमुत्तूंना 2021 मध्ये केरळचा ओएनव्ही साहित्य पुरस्कार जाहीर झाला. त्यावर इतका विरोध झाला की तो त्यांनी सोडला. विरोध करणाऱ्यांत मल्याळी कलाकार आणि लेखिका पुढं होत्या, आणि तिथं त्याला मागची तयारी होती. 2017 मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाल्यावर केरळच्या सिनेमातल्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली, सरकारला हेमा समिती नेमायला लावली. समितीचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये सरकारकडे गेला आणि ऑगस्ट 2024 पर्यंत तिथंच पडून राहिला, हेही खरं. पण आला तेव्हा आठवडाभरात कलाकार संघटनेच्या अख्ख्या कार्यकारिणीनं राजीनामा दिला. मराठी सिनेमा-नाटकात अशी समिती कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता उलट बाजू. आमच्या पिढीत आरोप झाला रे झाला की स्टोरी टाकून ‘कॅन्सल’ करणारेही कमी नाहीत. प्लेलिस्टमधून गाणी उडवायची, जुने फोटो डिलीट करायचे, झालं कर्तव्य. कुणाचे सिनेमे बघायचे नाहीत हा ज्याचा त्याचा हक्क आहे, त्यावर माझं म्हणणं नाही. माझी तक्रार एवढीच की हेही जर्सी बघून ओरडणंच आहे, फक्त गॅलरी दुसरी. तक्रार कुणाकडे गेली, तिचं काय झालं, हे या गॅलरीतलंही कुणी विचारत नाही. दोन्हीकडचे लोक रेफ्रीला सोडून देतात.

तालमीच्या हॉलमध्ये

मुंबईचं झालं. आता आपलं. युवा महोत्सव जवळ आला की शिवाजी विद्यापीठाच्या प्रत्येक कॉलेजात एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्याच्या तालमी रात्रीपर्यंत चालतात. बसवायला बाहेरून ‘सर’ येतात. कुणी नाटकात नाव काढलेलं, कुणी सिरीयलमध्ये छोटं काम केलेलं. आपल्यासाठी तेच नाना. त्यांनी टीममध्ये घेतलं तर वर्ष सोनं, नाही घेतलं तर पडदे ओढायचे. आठची शेवटची एसटी चुकली तर मुलींना गाडीवरून सोडणारेही तेच. त्यातले बहुतेक चांगलेच असतात. पण एखादा नसला आणि एखादीनं तोंड उघडलं, तर तिला काय ऐकायला मिळेल याची यादी वर आलीच आहे. त्यात चौथं वाक्य गावाकडचं असतं, ‘घरात सांगू नको, कॉलेज बंद करतील.’ हे वाक्य मी एकीच्या नाही, अनेकींच्या तोंडून ऐकलंय आणि खरं सांगायचं तर कोर्टाच्या तीन वर्षांच्या भिंतीपेक्षा ही भिंत उंच आहे.

म्हणून ही माहिती जवळ असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिची प्रमुख वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. बाहेरून आलेल्या ‘सरां’विरुद्धही तक्रार करता येते. ‘कॅम्पस’ म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतली जागा नव्हे, सांस्कृतिक महोत्सव, शिबिर, सहल, खेळाच्या स्पर्धा आणि तिथं नेणारी कॉलेजची गाडी, सगळं त्यात धरलंय. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. मुलगी तक्रार करण्याच्या मनःस्थितीतच नसेल, तर मैत्रीण किंवा वर्गमित्रही ती देऊ शकतो. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरवून मुलीवर कारवाई करता येत नाही.

विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी असतात आणि ते निवडणुकीनं यायचे असतात. मी शिकले त्या कॉलेजात समितीचा बोर्ड जिन्याखाली, सायकलींच्या मागं होता. वरची नावं दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या मॅडमची. विद्यार्थ्यांच्या तीन ओळी कोऱ्या होत्या.