टोपण की काटा?

जून उजाडला की आपल्या हॉस्टेलमधली नांदेड-लातूरकडची बरीच पोरं पेरणीसाठी गाव गाठतात. आमच्याही घरी सोयाबीन. बियाण्याला औषध चोळताना दरवर्षी एकच वाद. अण्णा म्हणतात, "एवढ्याशा पावडरीला काटा कशाला? टोपणानं घाल की!"

आता हिशोब बघा. कार्बोक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के या बुरशीनाशकाचं प्रमाण सोयाबीनला किलोमागे ३ ग्रॅम. हेक्टरी ७५ किलो म्हणजे एकरी ३० किलो बियाणं, त्याला ९० ग्रॅम पावडर. कमी पडली तर बुरशी उगवण खाते आणि दुबार पेरणीचं संकट दारात. जास्त पडली तर पैसा मातीत.

टोपण मोजतं आकारमान, डोस लिहिलेला असतो वजनात. मधे येते बल्क डेन्सिटी. पावडर सैल भरली, ठोकून भरली की तेच टोपण वेगळं वजन देतं. ओल धरली तर गुठळ्या होतात, त्या वेगळ्याच.

मग काटा कोणता घ्यावा? स्वस्त डिजिटल काट्यात लोडसेल असतो. वजनानं धातू किंचित वाकतो, स्ट्रेन गेजचा रेझिस्टन्स बदलतो, व्हीटस्टन ब्रिज तो फरक पकडतो. खरेदी करताना लीस्ट काउंट बघा. १ ग्रॅमच्या काट्यावर ३ ग्रॅम मोजले तर नुसत्या राउंडिंगचीच चूक अर्ध्या ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे १७ टक्के! त्याच काट्यावर ९० ग्रॅम एकदम मोजले तर ती चूक एक टक्क्याच्याही आत. म्हणून किलो-किलोला मोजू नका, पूर्ण बॅगेचं एकदाच मोजा. थोडंच बियाणं असेल तर मात्र ०.१ ग्रॅमचाच काटा हवा.

अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे छंदिष्टही दारू मापानं टाकतात आणि काट्यावर पडताळतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही केलं तर शस्त्र कायदा, १९५९ आहेच!) त्यांचं एकक ग्रेन. असे १८० ग्रेन म्हणजे आपला एक तोळा.

काटा घेतल्यावर एवढं पाळा :

१) पडताळणी : २०१२ ते २०१८ साल छापलेलं साधं पिवळं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. अशी दहा नाणी ठेवा, ६० च्या आसपास आकडा यायला पाहिजे.

२) काटा सपाट फरशीवर, पंखा बंद.

३) पावडर चिमटी-चिमटीनं टाकू नका. बरेच काटे हळू वाढणारं वजन शून्यच धरतात. भांडं उचलून पुन्हा ठेवा.

४) हातमोजे, तोंडाला रुमाल. हा काटा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

आधी बुरशीनाशक, सावलीत सुकवणं, मग रायझोबियम. पाकिटावरचा डोस वाचायला विसरू नका.

लॅबमध्ये एरर अॅनालिसिस आपण मार्कांसाठी करतो. यंदा एकदा बापाच्या बियाण्यासाठी करून बघा!