सागाच्या पोटातला पाऊस

नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीतून फिरताना चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक यांची पोती दिसतात आणि या बाजाराचं विदर्भाच्या जंगलाशी असलेलं जुनं नातं कळतं. इतवारी स्टेशनातून नागभीडच्या जंगलपट्ट्यात जाणारी छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती. इतवारीला लागूनच लकडगंज आहे. तिथल्या आरा मशिनींवर चिरला जाणारा साग पुढे देशभर जातो. दिल्लीच्या नव्या संसद भवनातला सागही नागपूरचाच.

तिथल्या एखाद्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाशी डोळे नेऊन पाहा. एकात एक गुंफलेली वलयं दिसतील. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला सुईच्या टोकाएवढ्या बारीक छिद्रांची रांग असते आणि पुढे लाकूड घट्ट होत जातं. ती छिद्रं म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेला साग पुन्हा पालवतो, भराभर वाढू लागतो, तेव्हा तो मोठ्या नळ्या तयार करतो. मोसम सरत आला की नळ्या बारीक होतात. एक वलय म्हणजे झाडाचं एक वर्ष. ज्या वर्षी जमिनीत ओल भरपूर टिकली, ते वलय बहुधा रुंद. दुष्काळाचं वलय अरुंद. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडं अशी स्वच्छ वलयं ठेवत नाहीत. साग ठेवतो, आणि हे विदर्भाचं केवढं भाग्य!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ ही वलयं वाचतात. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. एका पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षाही बारीक कांडी काढतात, घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मोजतात. एका झाडावर विश्वास ठेवायचा नाही, कारण कधी वलय हरवतं, कधी एकाच वर्षात दोन भासतात. म्हणून अनेक झाडांच्या वलयांची जुळणी करून साल पक्कं करायचं. केरळच्या सागावरून या संस्थेने १४८१ पासूनची ५२३ वर्षांची नोंद उभी केली. मध्य भारतातल्या सागाची वलयंही पाऊस आणि जमिनीतली ओल यांच्याशी ताडून पाहिली गेली आहेत. पावसाची मोजदाद करणारं यंत्र भारतात येण्याच्या कितीतरी आधीचा पाऊस आपल्याला झाड सांगतं, यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

खरी अडचण पुढच्या वर्षांची आहे. सागाला तोडणीयोग्य व्हायला साधारण साठ ते ऐंशी वर्षं लागतात. यंदा लावलेलं रोप शतकाच्या शेवटाकडे पक्व होईल. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य अशा हवेत जाणार, जिचा अनुभव कुठल्याच वनाधिकाऱ्याला नाही.

मग वनाधिकाऱ्यांना शिकवायचं काय? भारतात वनशिक्षणाची सुरुवात १८७८ साली डेहराडूनच्या शाळेपासून झाली. तिची पायाभरणी करणारे डिट्रिख ब्रँडिस त्याआधी ब्रह्मदेशात सागाची मोजणी करत. हत्तीवर बसून, हातात वेगवेगळ्या जाडीच्या सागांसाठी चार काठ्या धरून, दिसेल त्या झाडामागे त्या-त्या काठीवर चाकूने एक खाच. पुढे याच मोजणीचं शास्त्र झालं. किती लाकूड आहे, दरवर्षी किती वाढतं, किती तोडलं तर जंगल टिकेल. सागाच्या उत्पन्नाची प्रसिद्ध कोष्टकं १९४० साली छापली गेली. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३१० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. ती कोष्टकं चुकीची नव्हती. पण माती आणि हवा तीच राहणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आजच्या प्रशिक्षणाने सगळ्यात आधी हे गृहीतक विद्यार्थ्यांसमोर उघड करायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण ते गृहीतक थेट रोपवाटिकेपर्यंत पोचतं. सागाचं रोप बहुतेकदा स्टंपच्या रूपात लावतात. वर बोटभरही नाही एवढं खोड आणि खाली वीतभर मूळ. पहिल्या पावसात तो जमिनीत गेला की फुटतो. पण जूनमध्ये दोन सरी पडून मग तीन आठवडे उघडीप पडली तर? कोवळी फूट करपते. अशा वेळी लावणीची तारीख जुन्या सवयीने ठरवायची की हवामानाचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहून, हे वनरक्षकाला शिकवावं लागेल. बी कुठल्या भागातल्या झाडांचं घ्यायचं, हाही तितकाच मोठा प्रश्न. अधिक कोरड्या मुलखातल्या सागाचं बी उद्याच्या चंद्रपुरात टिकेल का, हे लावून, मोजूनच कळणार.

वणव्याचंही तसंच. आज उपग्रह आग टिपतो आणि भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. पण उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, जवळपास १४ हेक्टर! त्यातली आग नेमकी कुठे, की ती वीटभट्टी आहे, हे पायी जाऊनच ठरतं. नकाशा वाचता यायला हवा, वारा ओळखता यायला हवा, आग अडवणारी जाळरेषा कुठे काढायची ते कळायला हवं. आणि मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा का पेटवला जातो, हेही समजायला हवं. तिथे दंडापेक्षा झाडाखाली अंथरलेली जाळी जास्त उपयोगी पडते.

म्हणूनच चंद्रपूर आणि कुंडलच्या वन अकादमींइतकंच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा मला महत्त्वाचं वाटतं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबू किती तोडायचा हे ग्रामसभा बसून ठरवते. वनाधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने अशा ग्रामसभेत आधी ऐकायला बसावं. कुठली झाडं आता लवकर फुलतात, कुठला नाला पूर्वीपेक्षा आधी आटतो, याची नोंद तिथल्या माणसांजवळ आहे.

बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींसाठी अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. घरात कोणाला झाडांची ओढ असेल, तर अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या यादीत हेही नाव लिहा. यंदा लावलेल्या सागांना सांभाळणारी माणसं लागणार आहेत.