लग्नाचा व्हिडिओ आजीच्या जुन्या मोबाईलवर अडकतोय? फोन बदलायच्या आधी फाईल बदलून बघा

लग्न पार पडलं. महिना-दीड महिन्यानं स्टुडिओवाल्यानं पेनड्राइव्ह आणून दिला. घरातल्या नव्या फोनवर व्हिडिओ एकदम झकास दिसला. मग तोच व्हिडिओ आजीच्या सहा-सात वर्षं जुन्या मोबाईलमध्ये टाकला आणि घोळ सुरू झाला. आवाज पुढे पळतो, चित्र जागेवरच उभं. अंतरपाट धरलेलाच आणि मंगलाष्टका संपून वाजंत्री सुरू झालेली!

"बाळा, माझा फोन खराब झाला का रे?"

"नाही आजी, फोन चांगलाय तुझा. फाईल जड झालीये."

गावागावांत असंच घडतं. कुणी नवा फोन घ्यायला निघतं, कुणी दुकानात जाऊन फोन फॉरमॅट करून आणतं. फॉरमॅटमध्ये जुने फोटो गेले की हळहळत बसायची वेळ येते. खरं तर बऱ्याच वेळा फोनमध्ये बिघाड नसतोच. व्हिडिओ जुन्या फोनला झेपेल अशा रूपात बदलून घेतला की काम होतं. यालाच 'कन्व्हर्ट करणं' म्हणतात.

डबा तोच, भाजी वेगळी

फाईलच्या नावाच्या शेवटी 'एमपी४' लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं, एमपी४ आहे म्हणजे कुठल्याही फोनवर चालणार. पण एमपी४ हा नुसता डबा आहे. आतली भाजी कोणती, हे डब्यावरून कळत नाही. आत चित्र ज्या पद्धतीनं दाबून भरलेलं असतं, त्या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात.

'एच.२६४' हा कोडेक २००३ साली आला. आज वापरात असलेले जवळपास सगळे स्मार्टफोन तो चालवतात. त्यानंतर २०१३ मध्ये 'एच.२६५' आला. त्याला 'एचईव्हीसी' असंही म्हणतात. तो तेवढंच चांगलं चित्र कमी जागेत बसवतो, म्हणून नवे फोन आणि कॅमेरे तो वापरतात. पण दाबून भरलेलं उलगडायला ताकदही जास्त लागते.

नव्या फोनच्या चिपमध्ये हे उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो. जुन्या स्वस्त फोनमध्ये तो नसला, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. मग फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि चित्र अडकायला लागतं.

फाईलचं नाव बदलून शेवटी दुसरं काही लिहिलं तर काहीच फरक पडत नाही. झाकण बदललं म्हणून आतली भाजी बदलत नाही.

८३ लाख ठिपक्यांचं ओझं

दुसरं कारण चित्राच्या आकाराचं. ४के व्हिडिओचं एक चित्र ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांचं असतं. सेकंदाला अशी ३० चित्रं धरली तर फोनला दर सेकंदाला जवळपास २५ कोटी ठिपके हाताळावे लागतात. ४८०पी व्हिडिओचं चित्र ८५४ बाय ४८० चं, म्हणजे फक्त ४ लाख १० हजारांच्या आसपास. ओझं वीस पटीनं कमी! आणि पाच इंची पडद्यावर आजीला दोन्हींतला फरक फारसा जाणवतही नाही.

आधी हे करून बघा

कन्व्हर्ट करायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात.

१) जुन्या फोनमध्ये प्ले स्टोअरवरून 'व्हीएलसी' हे मोफत ॲप टाकून त्यात व्हिडिओ लावून बघावा. फोनमधलं मूळ ॲप जी फाईल उघडत नाही, ती व्हीएलसीमध्ये कधीकधी चालते. मात्र ४के असेल तर तिथंही अडकण्याची शक्यता आहे.

२) फोनला पेनड्राइव्हच दिसत नसेल, तर दोष व्हिडिओचा नसतो. अनेक जुन्या फोनला 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड वाचता येतं. आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. तीन तासांची अख्खी फाईल कॉपी होताना मध्येच 'फाईल खूप मोठी आहे' असा संदेश येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

कॉम्प्युटरवर कन्व्हर्ट कसं करायचं?

घरी, शेजारी किंवा ओळखीच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर असेल तर 'हँडब्रेक' नावाचं सॉफ्टवेअर वापरता येतं. ते पूर्ण मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते हँडब्रेक डॉट एफआर या त्याच्या मूळ साइटवरूनच घ्यावं.

- आधी मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरमध्ये कॉपी करावा.
- हँडब्रेक उघडून ती फाईल त्यात ओढून टाकावी.
- 'प्रीसेट'मध्ये 'जनरल' गटातलं 'फास्ट ४८०पी३०' निवडावं. फोन थोडा बरा असेल तर 'फास्ट ७२०पी३०' चालेल.
- 'फॉरमॅट' एमपी४ ठेवावा. 'व्हिडिओ' भागात एन्कोडर 'एच.२६४' आहे ना, हे बघावं.
- फोन फारच जुना असेल तर तिथंच 'प्रोफाईल' या ठिकाणी 'बेसलाईन' निवडावं. ही एच.२६४ ची सगळ्यात साधी पद्धत आहे.
- नव्या फाईलला वेगळं नाव द्यावं, उदाहरणार्थ 'लग्न-लहान'. मग 'स्टार्ट एन्कोड' दाबावं.

एक युक्ती लक्षात ठेवा. अख्खा तीन तासांचा व्हिडिओ एकदम लावू नका. 'रेंज'मध्ये 'सेकंद' निवडून आधी पहिल्या ६० सेकंदांचाच तुकडा करा आणि तो आजीच्या फोनवर चालवून बघा. नीट चालला तरच पूर्ण व्हिडिओ लावा. जुन्या कॉम्प्युटरवर या कामाला बरेच तास लागू शकतात, त्यामुळे लाईट जाण्याची वेळ बघूनच बसा.

जागा किती लागेल?

याचा हिशोब सोपा आहे. बिटरेट सेकंदाला १ मेगाबिट ठेवला तर ८ सेकंदांच्या चित्राला १ एमबी लागते. म्हणजे तासाला ४५० एमबी. तीन तासांचे १,३५० एमबी झाले, त्यात आवाज धरला तर साधारण दीड जीबी. एवढं ४८०पी साठी पुरतं. हँडब्रेकमध्ये 'ॲव्हरेज बिटरेट' या जागी १००० लिहिलं की हेच माप लागू होतं. हळद, लग्न, वरात असे वेगळे तुकडे केले तर बघायलाही सोपं जातं.

बटणांच्या फोनसाठी पडदा लहान, म्हणून माप आणखी लहान लागतं. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा पडदा २.४ इंची, ३२० बाय २४० ठिपक्यांचा आहे. अशा पडद्यासाठी ३२० बाय १८० चा व्हिडिओही पुरेसा होतो.

कॉम्प्युटर नसेल तर?

छोटा व्हिडिओ असेल तर नव्या फोनवरून व्हॉट्सॲपवर 'व्हिडिओ' म्हणून पाठवावा. व्हॉट्सॲप पाठवतानाच त्याची लहान प्रत करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी जाते आणि जुन्या फोनवर पुन्हा अडकते.

पुढच्या वेळी शूटिंग करतानाच काळजी घेता येते. अँड्रॉइडच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' किंवा 'एचईव्हीसी' असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवावा आणि रिझोल्युशन ७२०पी करावं. आयफोनमध्ये कॅमेराच्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडावं. लग्नाचा बयाणा देतानाच फोटोग्राफरला सांगून ठेवावं, "दादा, एक कॉपी एच.२६४ मध्ये, ७२०पीची पण द्या." त्याच्यासाठी हे किरकोळ काम आहे.

इथं सावध राहा

'व्हिडिओ चालत नसेल तर हे कोडेक अपडेट टाका' असा संदेश आणि सोबत 'एपीके' फाईल आली तर ती उघडू नका. अशा फाईलींमधून बँकेचे ओटीपी चोरले जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. फुकटात कन्व्हर्ट करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर घरातल्या बायका-पोरींचे व्हिडिओ चढवू नयेत. ते तिथून पुढे कुठं जातील, यावर आपला ताबा राहत नाही.

व्हिडिओ बघताना जुना फोन खूप तापत असेल तर थांबावं. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली असं समजावं. तो फोन चार्जिंगला न लावता दुकानात दाखवावा.

मूळ फाईल पुसू नका

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. ४के वरून ४८०पी करता येतं, पण ४८०पी वरून मूळ ४के परत मिळत नाही. एकदा गेलेले ठिपके गेलेच. लहान प्रत झाली म्हणून जागा करण्यासाठी मूळ फाईल डिलीट करणारे नंतर पस्तावतात. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवावी: एक पेनड्राइव्हवर, दुसरी कॉम्प्युटर किंवा हार्ड डिस्कवर. स्टुडिओवाला ती वर्षानुवर्षं सांभाळून ठेवेल, या भरवशावर राहू नये.

कारण लग्नाच्या व्हिडिओत नुसते नवरा-नवरी नसतात. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून अक्षता टाकणारे आजोबा असतात, पंगतीत आग्रह करणारी आत्या असते. दोन-चार वर्षांनी त्यातलं एखादं माणूस राहत नाही. मग त्याचं हसणं, त्याचा आवाज तेवढ्या एका फाईलमध्येच उरतो. आजीच्या हातात लहान प्रत द्या आणि मोठी जपून ठेवा.