चढावरचा वायपर

ऐन वेळी दगा देणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण वायपरने दिलेला दगा ज्याने घाटात अनुभवला, तोच त्याचे दुःख जाणे!

माझी मोटार १९५२ सालची, वडिलांच्या हातची. घर शहापूरला, सासुरवाडी जुन्नरला. मागल्या श्रावणात सौभाग्यवतींसह किन्हवली, सरळगाव, टोकावडे करीत माळशेजच्या पायथ्याशी आलो, तोवर वायपर उत्तम चालला होता. चढ लागला, पावसाने झोड उठवली, आणि वायपरने मान टाकली. वळणापलीकडून उतरत्या एस.टी.चा भोंगा ऐकू आला, एस.टी. मात्र दिसेना! गाडी कडेला घेतली. सौभाग्यवती खिडकीतून हात काढून रुमालाने काच पुसू लागल्या. अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट १९०३ साली घेतले. आम्ही त्याच्याही मागे गेलो होतो.

परतताना मुरबाडला एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, "काका, हा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या ओढीवर चालतो."

गंमत अशी आहे. इंजिनातले दट्टे हवा आत ओढतात. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललेला असला की कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटते आणि आतल्या नळीत पोकळी निर्माण होते. चांगले इंजिन जागच्या जागी चालू असताना ती पाऱ्याच्या १८ ते २० इंचांपर्यंत जाते. तिच्या ओढीने वायपर हलतो. चढावर आपण पाय दाबतो. झडप सताड उघडते, हवा मोकळी आत शिरते, ओढ संपते. म्हणून हे वायपर उतारावर नाचतात आणि चढावर झोपतात. जुन्या कित्येक जीपगाड्यांत यासाठी पेट्रोलपंपालाच दुसरा व्हॅक्यूमपंप जोडलेला असे.

मिस्त्रींनी आधी चिरलेली रबरी नळी बदलली. वायपरच्या पेटीत मागेपुढे झुलणाऱ्या फळीच्या चामडी कडा वाळल्या होत्या, त्या तेलाने मऊ केल्या. मग विचारले, "तुम्ही शहापूरचे ना? तानसा कशाला बांधलाय? पावसाळ्यात साठवायचं, उन्हाळ्यात वापरायचं. आपण पोकळी साठवू!"

१८९२ सालच्या तानसा धरणाचा असा उपयोग मला सुचला नव्हता. मी उत्साहाने गोडेतेलाचा रिकामा डबा पुढे केला. इंजिन सुरू होताच बाहेरच्या हवेच्या दाबाने तो कागदासारखा चेपला. मग मिस्त्रींनी जाड लोखंडी नळकांडे शोधले, वायपरची नळी त्याला जोडली आणि इंजिनाच्या बाजूला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली. ओढ असेल तेव्हा नळकांड्यातली हवा इंजिनाकडे जाते; ओढ संपली की झडप मिटते आणि साठा वायपरला मिळतो.

साठा काही अक्षय नाही. लांब चढावर दहाबारा फेऱ्यांनी वायपर मंदावतो. तेव्हा क्षणभर पाय उचलायचा, की पुन्हा भरती होते. विजेची मोटर बसवणे हा खात्रीचा उपाय खराच. पण वडिलांच्या गाडीला तेवढी चिरफाड करवेना.

यंदाच्या श्रावणात त्याच वळणावर, तशाच पावसात, उतरती एस.टी. मला दुरूनच स्पष्ट दिसली. रुमाल मात्र सौभाग्यवतींनी हातातून सोडला नव्हता.