ओली कातडी, चिकट पट्टी
रोवणीच्या दिवसांत दवनीवाड्याच्या धानपट्ट्यात चिखलात राबणाऱ्या पायांची कातडी पांढरी, मऊ पडते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेखाली तेच घडतं, फक्त तिथे लघवीही असते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात, ते आम्लकवच जातं. मग नुसती चादर ओढली तरी साल निघते. पावडर थापू नका, तिचे गोळे घासतात. धुऊन, टिपून झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर पुरे. रुग्णाला ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलावं. आणि सलाइनची पट्टी झटक्यात उपटायची आपली खोड वाईटच! कातडी बोटांनी दाबून, पट्टी मागे दुमडत हळूहळू सोडवावी. म्हाताऱ्यांची तर जपूनच, कारण वयाबरोबर त्वचेच्या दोन थरांमधली पकड सैल होते.