मज्जा, प्रत्यारोपण, उतार : एका रोगनिदानाची परिभाषा

नांदेड वा लातूर जिल्ह्यातील कंबरदुखीने बेजार झालेल्या शेतकऱ्यास ‘मल्टिपल मायलोमा’ हे निदान सांगितले जाते, तेव्हा रोगाबरोबर एक अपरिचित शब्दसमूहही त्याच्यापुढे उभा ठाकतो. उपचारांविषयीचे निर्णय त्याला ह्या शब्दांच्याच आधारे घ्यावयाचे असतात. त्यांपैकी तीन शब्दांचा विचार येथे केला आहे.

हा रोग म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग होय. त्यात हाडे ठिसूळ होतात, रक्तक्षय होतो, रक्तातील कॅल्शियम वाढते व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. आयुर्वेदात मज्जा हा सप्तधातूंपैकी अस्थीनंतरचा धातू. परंतु आधुनिक मराठीत ‘मज्जातंतू’ व ‘मज्जारज्जू’ ह्या संज्ञा चेतासंस्थेसाठी रूढ झाल्या. बोलीत तर ‘मज्जा’ म्हणजे मौज. त्यामुळे मज्जेची तपासणी म्हणजे कण्यातील नसेला सुई, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ही सुई बहुधा कमरेच्या हाडात मागील बाजूने घालतात. ‘हाडाच्या आतला, रक्त तयार करणारा गर’ असे म्हटल्यास भीतीचे एक कारण नाहीसे होते.

दुसरा शब्द ‘प्रत्यारोपण’. मूत्रपिंडाच्या उदाहरणामुळे त्याला दाता आणि शस्त्रक्रिया हे दोन अर्थ चिकटले आहेत. ह्या रोगात बहुधा दोन्ही नसतात. रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढून गोठवितात, मेल्फलान हे औषध मोठ्या मात्रेत देतात आणि नंतर त्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. रोगावर आघात करते ते औषध. पेशी परत देणे ही ओस पडलेल्या मज्जेत घरच्याच बियाण्याची फेरपेरणी होय.

ही पेरणी आज करावी की पुढे, हा खरा प्रश्न. प्रारंभी बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन ही औषधे एकत्र देतात. शक्य तेथे डाराटुमुमॅबची जोड देतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डिटर्मिनेशन’ चाचणीत, प्रारंभीच प्रत्यारोपण झालेल्या गटात रोग पुन्हा न वाढता गेलेला मध्यक काळ ६७.५ महिने, तर केवळ औषधे घेतलेल्या गटात ४६.२ महिने होता. मात्र पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच आढळले. म्हणून वय, हृदय व मूत्रपिंडांची स्थिती ह्यांबरोबरच हैदराबाद, पुणे वा मुंबई येथील कित्येक आठवड्यांचा मुक्काम, सोबतीला राहणारे माणूस आणि खर्च ह्यांचाही विचार करणे गैर नव्हे. मात्र प्रत्यारोपण लांबणीवर टाकावयाचे झाल्यासही पेशी वेळीच काढून ठेवण्याविषयी विचारावयास हवे. लेनालिडोमाइड दीर्घकाळ घेतल्यावर त्या पुरेशा मिळणे कठीण होते.

तिसरा शब्द ‘बरा होणे’. हा रोग बहुधा आटोक्यात येतो व कालांतराने परततो. ह्या अवस्थेसाठी मराठीत ‘उतार पडणे’ हा नेमका प्रयोग पूर्वापार आहे. उतार म्हणजे शेवट नव्हे, हे समजलेला रुग्ण बरे वाटताच गोळ्या बंद करणार नाही.

शब्दांचा हा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. बोर्टेझोमिबमुळे चेतातंतूंना इजा पोहोचू शकते. रुग्ण तिला ‘पायाला मुंग्या येतात’ असे म्हणतो. ही तक्रार किरकोळ मानून सोडून दिल्यास इजा कायमची होऊ शकते. वेळीच ऐकल्यास औषधाची मात्रा कमी करता येते. संमतिपत्रावरील अंगठा वा सही ही समजुतीची खूण ठरावयाची, तर ते पत्र रुग्णाच्या भाषेत असणे ही उपचाराचीच पहिली पायरी होय.