बेटावरील रेनडिअर आणि अवकल समीकरणे

१९४४ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर २९ रेनडिअर नेऊन सोडले. महायुद्धाच्या काळात तेथील ठाण्यासाठी ही अन्नाची राखीव तरतूद होती. लौकरच ठाणे उठले, माणसे गेली. हरणे मात्र राहिली. बेटावर लांडगे नव्हते आणि जमिनीवर शैवाकाचा जाड थर पसरलेला होता. (आपल्या मसाल्यातील दगडफूल याच वर्गातले.) १९५७ साली गणना झाली तेव्हा १,३५० जनावरे भरली.

कळप जितका मोठा, तितकी पाडसे अधिक. म्हणजे वाढीचा वेग त्या क्षणीच्या संख्येच्या प्रमाणात असतो. राशी आणि तिच्या बदलाचा वेग यांचे नाते सांगणाऱ्या अशा विधानास अवकल समीकरण म्हणतात. संख्येस 'स' व दरडोई वाढीस 'र' म्हटल्यास,

वाढीचा वेग = र × स

वरील आकड्यांवरून 'र' वर्षाला सुमारे ०.३ येतो; म्हणजे अडीच वर्षांच्या आतच कळप दुप्पट होतो. या हिशेबाने १९६३ साली सुमारे ७,९०० जनावरे हवी होती. प्रत्यक्षात ती ६,००० च्या आसपास होती. वाढ मंदावली होती.

अशा मंदावणाऱ्या वाढीचे समीकरण बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ सालीच दिले होते :

वाढीचा वेग = र × स × (१ − स ÷ क)

येथे 'क' म्हणजे प्रदेश पोसू शकेल इतकी संख्या. 'स' तिच्याजवळ येताच कंसातील राशी शून्याकडे जाते व वाढ थांबते. तेव्हा कळप आता स्थिरावेल, असे कोणासही वाटले असते. परंतु १९६३-६४ चा हिवाळा अतिशय कडक गेला आणि १९६६ साली बेटावर अवघी ४२ जनावरे आढळली, बहुतेक सर्व माद्या. पुढे तो वंशच संपला.

चूक गणिताची नव्हे, गृहीताची. 'क' अचल मानला होता. शैवाक फारच सावकाश वाढते. कळपाने व्याजाबरोबर मुद्दलही खाल्ले व 'क' खाली येत गेला. म्हणून दुसरे समीकरण जोडावे लागते :

शैवाकाच्या बदलाचा वेग = त्याची स्वतःची वाढ − कळपाने खाल्लेला भाग

लोटका (१९२५) व व्होल्टेरा (१९२६) यांनी भक्षक व भक्ष्य यांच्यासाठी अशीच जोड-समीकरणे मांडली होती. ती एकत्र सोडविली की कळप मर्यादा ओलांडून कोसळताना दिसतो. हिमवृष्टी या समीकरणांत नाही, हे खरे. पण १९६३ साली कळप सर्वांत मोठा दिसत असतानाच जनावरांचे वजन १९५७ च्या मानाने बरेच उतरले होते आणि माद्यांमागे पाडसांचे प्रमाणही घटले होते.